पेट्रोल पिणारी गाडी

पीयूसीवाल्यानं माझ्या गाडीच्या धुराड्यात नळी घातली, स्क्रीनकडे बघितलं, नळी बाहेर काढून झटकली आणि पुन्हा घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, ही पेट्रोलवरच चालते ना?"

"मग काय उसाच्या रसावर?" मी म्हणाले.

"नाही, एवढं काळं बघून वाटलं. पास नाही होणार. आकडा चौपट येतोय."

सोमवारची सकाळ होती, डिसेंबर होता, वारज्याच्या पुलाजवळ माझ्या मागे आठ गाड्या उभ्या होत्या आणि आठही जणांनी ते ऐकलं. मी तिरीमिरीत गाडी चालू केली. मागून भस्सकन काळा धूर निघाला आणि एक स्कूटरवाला खोकत बाजूला झाला. मला त्याची माफी मागायची होती, पण तेवढा धीर नव्हता.

हे दिवाळीनंतर सुरू झालं होतं. गाडी अचानक पेट्रोल प्यायला लागली. चौदा-पंधराचं अ‍ॅव्हरेज नऊवर आलं. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची आणि पार्किंगमध्ये असा वास सुटायचा की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता तीन वेळा लिहिलं. माझ्या गॅरेजवाल्यानं एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले. पंधरा दिवसांत नवे प्लग पुन्हा काजळ लावल्यासारखे काळेकुट्ट. शेवटी त्यानं हात पुसत सांगितलं, "ताई, गाडीचा कॉम्प्युटर गेला असंल. नायतर मग वय झालं म्हणायचं. काय करणार, पंधरा वर्सं झाली हायेत."

पंधरा वर्षं, तीच तर गोम होती. पंधरा वर्षं झाली की गाडी आरटीओत नेऊन पुन्हा नोंदणी करावी लागते आणि पीयूसी नसेल तर तिथं कुणी दारातही उभं करत नाही. माझ्या हातात महिना राहिला होता.

आणि घरात आमचे हे होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. कमी बोलणार आणि जे बोलणार त्याला उत्तर देता येणार नाही असं. मी घरी येऊन पीयूसीचा किस्सा सांगितला तर पेपरमधून डोकंही वर न काढता म्हणाले, "रविवारी भंगारवाला येतोय. सांगून ठेवलंय मी."

"कुणाला विचारून?"

"गाडीला विचारलं. ती नाही म्हणाली नाही."

"आणि मी वाघोलीला कशी जाऊ?"

मग मात्र पेपर खाली आला. "नको जाऊस. दोन वर्षं राहिलीत नोकरीची. आत्ता सोडलीस तर काय कॉलेज बंद पडणार आहे?"

मी वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. मुलांना थर्मामीटर, मल्टीमीटर, भिंगं काढून द्यायची, मोडली की ओरडायचं, रीडिंग उतरवताना एकमेकांचं बघून लिहिताहेत का बघायचं. तीस वर्षं हेच केलं आणि मला ते मनापासून आवडतं. वारजे ते वाघोली म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक. गाडीनं पहाटे लवकर निघालं तर पाऊण-एक तास. बसनं दोन गाड्या बदलून पावणेदोन तास, तेही उभ्यानं. माझे गुडघे असे आहेत की बसचा विचारच नको. म्हणजे गाडी गेली की वाघोली गेली आणि वाघोली गेली की मी दिवसभर घरात, ह्यांच्या समोर, ह्यांच्या पेपरच्या समोर. माझं डोकंच फिरलं.

"रविवारपर्यंत मी ही गाडी पीयूसीत पास करून दाखवते," मी म्हणाले. "नाही झाली तर द्या भंगारात. मी एक शब्द बोलणार नाही."

"एक शब्द?" हे म्हणाले. "मग होऊच दे नापास."

मंगळवारी मी प्रयोगशाळेत बसून कागदावर लिहून काढलं. धूर काळा म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. हवेचा रस्ता साफ होता, फिल्टर नवा होता. म्हणजे पेट्रोलच जास्त पडतंय. किती पेट्रोल सोडायचं हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो आणि तो काय आपल्या मनानं ठरवत नाही, सेन्सर जे सांगतील त्यावरून ठरवतो. मग कॉम्प्युटर गेला म्हणण्याआधी त्याला कोण काय सांगतंय हे ऐकायला नको? मुलांचं रीडिंग चुकलं की आपण आधी उपकरण तपासतो, मुलाला नापास करत नाही. हे सुचलं तेव्हा मी एकटीच मोठ्यांदा "अरेच्चा!" म्हणाले आणि समोरचा शिपाई दचकला.

बुधवारी कॉलेजातून लवकर निघून थेट बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. गाडीच्या स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथं लावायचं काडेपेटीएवढं यंत्र मिळतं. ते लावलं की गाडीच्या सगळ्या सेन्सरचे आकडे मोबाईलवर दिसतात, एवढं मी वाचलं होतं. दुकानदारानं यंत्र काढलं, पण हातात देईना.

"मिस्टरांना घेऊन या, त्यांना दाखवतो कसं लावायचं ते."

"मिस्टर घरी शब्दकोडं सोडवताहेत. मला दाखवा."

"नाही, जरा टेक्निकल असतं."

"अहो, तुमच्या ह्या काउंटरवर मल्टीमीटर उलटा लावलाय, प्रोब करंटच्या भोकात आहेत आणि तुम्ही व्होल्टेज मोजत होतात मघाशी. फ्यूज उडेल. आता दाखवताय का?"

त्यानं मल्टीमीटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निमूटपणे दाखवलं. मी इतकी खुश झाले की परतताना मंडईत उतरून उगाचच अर्धा किलो पेरू घेतले.

गुरुवारी सकाळी यंत्र लावलं आणि मोबाईल समोर उभा केला. चावी फिरवली. आकडे धडाधड पळायला लागले. मला शाळकरी पोरीसारख्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पंधरा वर्षं ही गाडी मी चालवली. ती आतल्या आत एवढं सगळं बोलत होती आणि मी एक अक्षर ऐकलं नव्हतं! बाहेरच्या हवेचं तापमान तेरा. इंजिनातल्या पाण्याचं तापमानही तेरा. बरोबर, रात्रभर उभी होती. निघाले. बायपासला लागले, कात्रजच्या बोगद्याच्या बाजूला न जाता शहरातून मारलं, नदी ओलांडली, येरवडा मागे टाकलं. पाण्याचं तापमान चाळीस. पन्नास. चोपन्न.

आणि मग ते हलेचना. खराडीला चोपन्न. वाघोलीच्या फाट्यावर छप्पन्न. पाऊण तास चाललेलं इंजिन आणि पाणी छप्पन्न? आमच्या बाथरूमचा गीझर साठला बंद होतो! चाललेलं इंजिन ऐंशी-नव्वदच्या घरात असायला हवं, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही सांगते.

कॉलेजच्या गेटात गाडी लावली आणि स्टिअरिंगवर थाप मारली. सापडलं! पाण्याचा सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन चांगलं तापलेलं असताना तो कॉम्प्युटरला सांगतोय की गार आहे, गार आहे. आणि गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, सकाळी सकाळी तर लागतंच, म्हणून कॉम्प्युटर बिचारा ओततोय ओततोय. दिवसभर मी प्रयोगशाळेत गुणगुणत होते. एका मुलानं बीकर फोडला तर म्हणाले, "असू दे रे." तो घाबरून पळून गेला.

शुक्रवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून सेन्सर स्वतः काढला. सोपं नव्हतं. पाना घसरला, बोटाची साल निघाली आणि इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट भळाभळा माझ्या चपलांवर आलं. दुसऱ्या मजल्याच्या आमच्या गॅलरीतून ह्यांचा आवाज आला, "रंगपंचमीला अजून तीन महिने आहेत."

"तुम्ही आत जा, थंडी बाधेल," मी खालून ओरडले.

वर आले ती थेट स्वयंपाकघरात. एक चेपलेलं जुनं पातेलं घेतलं, पाणी भरलं, गॅसवर ठेवलं. सेन्सर दोऱ्यानं बांधून पाण्यात सोडला, शेजारी प्रयोगशाळेतून आणलेला थर्मामीटर, सेन्सरच्या दोन पिनांना मल्टीमीटर. पाणी तापेल तसा सेन्सरचा रोध कमी व्हायला हवा. आमच्याकडे हाच प्रयोग दर वर्षी असतो, मला आकडे पाठ आहेत. हे दारात येऊन उभे राहिले. डोक्याला मफलर, हातात रिकामा कप.

"चहाचं पाणी आहे का ते?"

"नाही. सेन्सरचं आहे."

"बरं. माझा नंबर सेन्सरनंतर का?"

मी आकडे उतरवत होते. विसाला अडीच हजार ओहम. चाळीसला साडेअकराशे. साठला सहाशेच्या आत. ऐंशीला तीनशे वीस. एकही आकडा चुकला नाही. मी पाणी गार करून पुन्हा तापवलं. पुन्हा तेच. सेन्सर ठणठणीत होता!

मी ओट्याला टेकून खाली बसले. रडूच आलं मला. शुक्रवार संपला होता, उद्याचा एक दिवस होता आणि माझा चोर निर्दोष सुटला होता. हे आत आले. त्यांनी पातेलं उतरवलं, दुसरं घेतलं, दोन कप चहा केला आणि एक माझ्या हातात दिला. "आलं घातलंय," एवढंच म्हणाले.

चहा पिता पिता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कप खाली ठेवला. अहो, सेन्सर खोटं बोलत नाही म्हणजे काय? म्हणजे तो खरं सांगतोय! पाणी छप्पन्नच आहे. इंजिन खरोखर गार आहे! मी आठवडाभर विचारत होते की कॉम्प्युटरला कोण फसवतंय, आणि कुणीच फसवत नव्हतं. इंजिन तापतच नव्हतं.

शनिवारी सकाळी साडेसहाला सेन्सर परत बसवला, पाणी भरलं आणि चांदणी चौकापर्यंत जाऊन आले. येताना हीटर लावला. पुण्यात गाडीचा हीटर कोण लावतं? मी तरी जन्मात लावला नव्हता. पूर्ण गरमवर ठेवला आणि तोंडावर हवा घेतली. कोमट! फुंकर मारल्यासारखी. मग सोसायटीच्या दारात थांबून बॉनेट उघडलं आणि रेडिएटरला जाणाऱ्या रबरी पाइपला हात लावला. इंजिन गार असतं तोवर ह्या पाइपात गरम पाणी यायलाच नको. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक झडप असते, थर्मोस्टॅट म्हणतात. पाणी तापेपर्यंत ती बंद राहते, म्हणजे पाणी इंजिनातच फिरून लवकर तापतं. ऐंशीच्या पुढे गेलं की उघडते. माझ्या गाडीत वरचा पाइपही कोमट, खालचाही कोमट. म्हणजे झडप उघडीच अडकली होती. पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमध्ये जाऊन डिसेंबरच्या वाऱ्यात गार होत होतं. आणि म्हणूनच दिवाळीनंतर! उन्हाळ्यात, पावसाळ्यात हवाच उबदार, भागून गेलं. थंडी पडली आणि गाडी प्यायला लागली. सगळं जुळलं, एकही धागा सुटा नाही. मी रस्त्यावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. दूधवाला बघत होता, बघू दे.

नऊला गॅरेजचं शटर वर गेलं तेव्हा मी बाहेर उभीच होते. गॅरेजवाला वारज्याचाच, शेती गेली तेव्हा वडिलांनी रस्त्याकडेला हे शेड टाकून दिलं. दहा वर्षं माझी गाडी त्याच्याकडे आहे. मी एका दमात सगळं सांगितलं. छप्पन्न, पातेलं, हीटर, पाइप. तो ऐकत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता.

"थर्मोस्टॅट अडकलाय," मी म्हणाले. "उघडून बघ."

"उघडायची गरज नाय ताई."

"का?"

"त्यो अडकलेला नाय. त्यो नायच हाय. काढलाय."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं दोन बोल्ट सोडून झाकण उचलून दाखवलं. जिथं झडप बसायची तिथं मोकळी गोल पोकळी होती.

"काढलाय? कुणी काढला? कुणी हा शहाणपणा केला?" माझा आवाज इतका चढला की शेजारचा पंक्चरवाला उठून आला. "दीड महिना मी धूर खातेय, भर रस्त्यात लोकांची बोलणी खातेय, तू माझे प्लग बदलतोयस, मला सांगतोयस वय झालं म्हणून, आणि हे तुला माहीत होतं?"

"ताई, आपल्याकडं सगळेच काढत्यात. गरम देश हाय आपला, कशाला लागतो त्यो? माझ्या उस्तादानं शंभर गाड्यांचे काढले असतील. त्यानं पेट्रोल जास्त जातं हे खरंच डोक्यात नाय आलं माझ्या. आईशप्पथ."

"पण माझ्या गाडीचा काढायला तुला सांगितलं कुणी?"

त्यानं पाना फडक्यात गुंडाळला, पुन्हा सोडला. "साहेबांनी."

"कुठल्या साहेबांनी?"

"तुमच्या."

मे महिन्यात माझी गाडी नगर रस्त्यावर बंद पडली होती. रेडिएटरचा पाइप फुटला, बॉनेटमधून वाफ आली, मोबाईलची बॅटरी संपलेली. मी एका टायरवाल्याच्या शेडमध्ये बसून राहिले, त्यानंच कुठून तरी पाइप आणून बसवला, संध्याकाळी साडेपाचला मी घरी पोचले. मला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. टायरवाल्यानं ताक पाजलं होतं, हेच मी घरी कौतुकानं सांगितलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले," गॅरेजवाला सांगत होता. "शटर उघडायच्या आधी. भाईर येरझाऱ्या घालत होते. म्हणाले, काय वाट्टेल ते कर, पण ही गाडी परत तापता कामा नये. म्या म्हटलं, त्यो वॉल्वच काढून टाकतो, जन्मात तापणार नाय. म्हणाले, काढ. आन म्हणाले, हिला सांगू नको."

फुटला होता पाइप. थर्मोस्टॅटचा त्यात काडीचा संबंध नव्हता. "नवा मागव," एवढंच मी म्हणाले. पंक्चरवाला हळूच निघून गेला.

नवा थर्मोस्टॅट दुपारपर्यंत आला. बसवला, पेट्रोल मिसळून पातळ झालेलं ऑइल बदललं, प्लग घासले. मी गाडी बायपासला पळवली. साठ. सत्तर. ऐंशी! अठ्ठ्याऐंशीला जाऊन थांबली आणि तिथंच राहिली. सिग्नलला उभी केली तर थरथरणं बंद. मी एकटीच गाडीत "शाब्बास गं!" म्हणून ओरडले. पीयूसीवाल्यानं नळी घातली, बघितलं, काढली, झटकली, पुन्हा घातली.

"काकू, काय केलंत?" तो म्हणाला. "गाडी बदललीत का नंबरप्लेट काढून?"

पासचा कागद घेऊन मी घरी निघाले. आठवडाभर मनात भाषण तयार होतं, ह्यांना कसं ऐकवायचं त्याचं. जिने चढताना त्यातलं एक वाक्य आठवेना. मी कागद टेबलावर ठेवला.

"झाली पास?" ह्यांनी विचारलं.

"झाली. तुम्ही काढायला लावलेला थर्मोस्टॅट परत बसवला."

ह्यांनी कागद उचलला आणि शिक्क्यापर्यंत वाचला. मग हे म्हणाले, "म्हणजे आता परत तापणार."

"अहो, तापायलाच हवी ती. नाही तापली म्हणून तर धूर सोडत होती. त्या दिवशी पाइप फुटला होता, दुसरं काही नव्हतं. मला विचारायचं तरी!"

"तुझा फोन लागत नव्हता," हे म्हणाले. "कॉलेजात केला. म्हणाले, दीडला निघाल्या. ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला, नगर रस्त्यावर ट्रकखाली आपल्यासारखीच पांढरी गाडी. मी रिक्षा केली."

मी खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसले.

"दुसरी होती ती," हे म्हणाले. "दुसऱ्या कंपनीची. जवळ जाईपर्यंत कळत नव्हतं. मग परत आलो. मी आलो आणि पाच मिनिटांत तू आलीस, ताकाचं सांगत."

त्या संध्याकाळी हे खुर्चीत बूट घालून बसले होते. मी म्हणाले होते, घरात बूट कसले घालून बसलाय, आत्ताच फरशी पुसलीय. आता ते आठवलं आणि मला माझीच लाज वाटली. रडले मी, चांगली हुंदके देऊन रडले. त्यांना असलं काही जमत नाही. ते उठले, फोन लावला आणि भंगारवाल्याला सांगितलं की रविवारी येऊ नका, गाडीचा विचार बदललाय.

सोमवारी सकाळी मी निघाले तर हे मफलर बांधून खाली हजर. शेजारच्या सीटवर बसले, माझा मोबाईल हातात घेतला. "बघतो तरी काय बोलते ती." मग वाघोलीपर्यंत समालोचन. "सत्तर झाले. अगं, ऐंशी! पंच्याऐंशी. थांबव, थांबव!"

"नव्वदपर्यंत जाऊ दे. ते बरोबर आहे."

"अठ्ठ्याऐंशी. स्थिर." थोड्या वेळानं, "अजून अठ्ठ्याऐंशीच. चांगली आहे हो गाडी." मला हसू आवरेना, आणि खरं सांगते, त्या रस्त्यावर इतकी मजा मला कधी आली नव्हती.

कॉलेजच्या गेटवर ते उतरले. "मी बसनं जातो. तुझी ती पावणेदोन तासांची बस बघायचीय मला एकदा. पोचलो की फोन करतो."

साडेआठला गेले. म्हणजे सव्वादहाला फोन यायला हवा. साडेदहा वाजले. मी मुलांना उपकरणं काढून देत होते, डोळे फोनवर. पावणेअकराला मी लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला. बस चुकली असेल. गर्दीत ऐकू आला नसेल. स्वारगेटला चक्कर येऊन पडले असतील तर? एक मुलगी मल्टीमीटर मागत होती, मी तिच्या हातात भिंग दिलं. अकराला मी पर्स उचलली, गाडीची चावी काढली आणि सरांना सांगायला निघाले, तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, पोचलो. पुलाखाली मेथी चांगली मिळाली, निवडून घेत होतो. फोन पिशवीत तळाला गेला."

मी जी सुरू झाले! प्रयोगशाळेतली चाळीस मुलं गप्प होऊन ऐकत होती. काही काळजी आहे की नाही, माणूस इथं मरतंय, मेथी कसली घेताय, किती वेळ झाला कळतंय का तुम्हाला, पाऊण तास, पाऊण तास माझ्या जिवात जीव नाही! दम लागला तेव्हा थांबले.

पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "पाऊण तासच ना? माझे त्या दिवशी चार होते."